दोन किल्ल्यांचा पासवर्ड

आमच्या यवतमाळात दोन माणसं भेटली की तब्येत नंतर विचारतात, आधी कापसाचा भाव विचारतात. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी बोंड वेचलं नाही तेही विचारतात. न्हावी विचारतो. दातांचा डॉक्टर आपलं तोंड उघडं ठेवून, आत हत्यार घालून विचारतो, आणि उत्तर द्यायची सोय नसते म्हणून स्वतःच सांगतो. त्या वर्षांत भाव असा पडला होता की उत्तर काहीही आलं तरी पुढे एक सुस्कारा ठरलेला. सुस्कारे ऐकून ऐकून मला वीट आला होता. मी मास्तरीण. तीस वर्षं पोरांना श्रुतलेखन घातलं, कान धरले, पण हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलं नाही.

तसंच रशीदाचं. आमच्या घरामागच्या गल्लीत तिचं घर. सासर पिंजाऱ्यांचं. तिच्या रहेमानभाईंची कापूस पिंजायची धुनकी एके काळी अख्ख्या आर्णी रोडला ऐकू यायची. पुढे फोमच्या गाद्या आल्या, धुनकी खुंटीला लागली आणि रहेमानभाईंचा उजवा खांदाही गेला. एकदा आम्ही दोघी गच्चीत पापड वाळत घालत होतो, तेव्हा रशीदा म्हणाली की भाव पडला म्हणजे रुई स्वस्त झाली, आणि फोमवर झोपून अर्ध्या गावाची कंबर धरली आहे. मग आपण रुईच्या गाद्या काहून करू नये? पापड वाळायच्या आत आमचा कारखाना ठरला.

माझ्या निवृत्तीचे पैसे आणि रशीदाच्या पाटल्या मोडून आलेले पैसे असं मिळून आम्ही बँकेत एक खातं काढलं. मशीन शोधण्यात काही महिने गेले. मग लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत देवीलाल नावाच्या माणसाचं कापूस पिंजायचं मशीन विकायला होतं. धंदा बंद करून तो मुलाकडे निघाला होता. मशीन चांगलं होतं. त्यानं सांगितलं, दोन्ही बायांनी येणाऱ्या शनिवारपर्यंत पैसे पोचते करा, नाहीतर पुसदचं गिऱ्हाईक तयार आहे. खात्यात होतं ते सगळं त्या मशीनसाठी होतं. ते गेलं असतं तर दुसऱ्यांदा जमवायचं आमचं वय नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी हसत हसत सांगितलं तरी तेव्हा काय पणाला लागलं होतं ते लक्षात येईल.

आता आमचे हे. नीळकंठराव. उभी हयात कोषागारात काढली. कोषागाराच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघं समोरासमोर आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्याला डबल लॉक म्हणतात. ह्यांचा देवावर जेवढा विश्वास नाही तेवढा डबल लॉकवर. तेव्हा मुलीनं, आभानं, पुण्याहून येऊन घरी कॉम्प्युटर बसवून दिला होता आणि खातं त्यावरून चालवायला शिकवलं होतं. ह्यांनी लगेच नियम काढला. पासवर्डचे दोन तुकडे. पहिला तुकडा रशीदाचा, दुसरा माझा. एकीचा दुसरीला ठाऊक नाही. एक टाइप करील तेव्हा दुसरीनं तोंड फिरवायचं. पार्टनरशिप किती गोड असली तरी कुलूप दोन किल्ल्यांचंच हवं, असं ह्यांचं म्हणणं.

आम्ही हसलो, पण पाळलं. खातं उघडायचं म्हणजे आमच्याकडे सोहळाच असे. आधी चहा. मग रशीदा खुर्चीवर बसून एका बोटानं आपला तुकडा घाली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या बघत राही. मग मी बसायची आणि रशीदा काचेच्या शोकेसकडे तोंड करून उभी राहायची. उभी राहायची आणि गुणगुणायची. दर वेळी तीच एक चाल, दर वेळी बेसूर. माझं बोट चुके. मी एकदोनदा म्हटलंही, बाई, दोन मिनिटं गप्प राहता येत नाही का? तर ती आणखी मोठ्यानं गुणगुणली. हे आपले नियम काटेकोर पाळले जात आहेत ना ते बघत मागे हात बांधून उभे. स्ट्राँगरूमच्या दाराशी असावेत तसे.

ह्यांचं कॉम्प्युटरवर आणखी एक प्रेम होतं. पुसदच्या एका जुन्या सहकाऱ्यानं ह्यांना एक सीडी दिली होती. ती घातली की पडद्याच्या खालच्या बाजूला हिरवी पट्टी धावे आणि तिच्यात कापसाचे भाव. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, अकोला. फुकट. आता ह्यांनी काही आंधळेपणानं ती ठेवून घेतली नाही. कोषागाराचा माणूस. आठवडाभर रोज बाजार समितीत फोन करून पट्टीतला भाव ताडून पाहिला. एकदाही चुकला नाही. तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की प्रोग्राम प्रमाणित आहे. आमच्या खिडकीशी संध्याकाळी गर्दी होऊ लागली. रिक्षावाले थांबून भाव विचारून जात. ह्यांनी सीडीच्या प्रती काढून न्हाव्याला, दातांच्या डॉक्टरला, मुख्याध्यापकांना, ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्या सगळ्यांना वाटल्या. निवृत्तीनंतर माणूस इतका खूश मी पाहिला नव्हता.

आणि मग देवीलालनं मुदत दिली त्याच आठवड्यात हे खात्याचा उतारा तपासायला बसले आणि चष्मा पुसून पुन्हा बसले. आमच्या खात्यातून कोणाच्या तरी मोबाइलचा रिचार्ज झाला होता. रक्कम चिल्लर. पण नंबर आमच्यापैकी कोणाचा नव्हता, आणि वेळ होती शुक्रवार दुपारची.

शुक्रवारी दुपारी मी पांढरकवड्याला बहिणीकडे गेलेली. हे आत झोपलेले. आणि बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरपासून चार हातांवर, आमच्या जेवणाच्या टेबलावर गाद्यांच्या खोळी कापत कोण बसलं होतं? रशीदा.

माझ्या मनात वाईट आलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आलं. आधी म्हटलं छे, तिला माझा तुकडा कुठून माहीत? मग माझी नजर शोकेसकडे गेली. काच. मी टाइप करायची तेव्हा ती काचेकडे तोंड करून उभी असायची, आणि काचेत कीबोर्ड स्वच्छ दिसतो. मी स्वतः उभी राहून पाहिलं. दिसतो. मन एकदा वाकड्या वाटेला लागलं की त्याला पुरावे रस्त्यात पडलेले सापडतात.

ह्यांनी तर कचेरीच मांडली. दोघींना समोर बसवून शांतपणे सांगितलं की प्रकार गंभीर आहे आणि दोन्ही किल्लीधारकांनी आपापला खुलासा द्यावा. मी मान खाली घातली. रशीदानं कात्री टेबलावर ठेवली.

"भाऊजी, खुलासा चोराले मांगतात," ती म्हणाली. "मी तं पार्टनर होती."

होती म्हणाली. आहे नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. ती अर्धवट कापलेल्या खोळी तशाच टाकून निघून गेली. तो सोमवार होता. शनिवारला देवीलाल वाट बघणार होता.

त्या संध्याकाळी मी आभाला ईमेल लिहिली. बोलून रडू आलं असतं म्हणून लिहिली. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. काच, शुक्रवार, खोळी, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी आभाचा फोन आला तो तापलेलाच. म्हणाली, आई, रशीदामावशी? तुला काही वाटतं का? माणसांवर जाण्याआधी मशीन तपास. आणि तोपर्यंत त्या कॉम्प्युटरवर बोट ठेवू नकोस.

मशीन तपासणारी गावात मला एकच ठाऊक होती, ती गझाला. बसस्टँडजवळ तिचं कॉम्प्युटरचं दुकान. नागपूरहून डिप्लोमा केलेली, जिभेला धार, आणि गिऱ्हाइकाला वेड्यात काढायची फी वेगळी लावत नाही. पण गझाला म्हणजे रशीदाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, तिला खाला म्हणणारी. तिच्या दुकानाच्या पायरीवरून मी दोनदा परत फिरले, मग चढले. तिनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पाठीत धपाटा बसतो. मग ती म्हणाली, "येतो काकू. पण खाला तिथं पाह्यजे. तिच्या समोरच पाहीन, नाईतं नाई."

रशीदा आली. ती गझालासाठी आली, माझ्यासाठी नाही, हे तिनं माझ्या हातचा चहा न घेऊन स्पष्ट केलं. आमच्या ओळखीत पहिल्यांदा तिचा कप तसाच साय धरत बसला. हे कोपऱ्यात, मागे हात बांधून.

गझालानं कॉम्प्युटर सुरू केला आणि कशालाच हात न लावता नुसती बसून राहिली. मला वाटलं हिला काही येत नाही. तिची नजर पडद्यावर नव्हतीच. ती टेलिफोनजवळच्या ब्रॉडबँडच्या डबीकडे बघत होती. डबीवरचा एक दिवा सारखा लुकलुकत होता.

"इंटरनेट कोणी उघडलं हाये का?" तिनं विचारलं. कोणी उघडलं नव्हतं. "मंग हा कोनाशी बोलून राह्यला?"

एवढं बोलून तिनं डबीची वायर खसकन उपटली. पडद्यावरची हिरवी पट्टी थांबली. ह्यांच्या तोंडून हाय निघालं, वणीचा भाव अर्धाच राहिला होता.

मग तिनं चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. पट्टी बंद केली तरी यादीत तिचं नाव जिवंत. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं ते पाहिलं, तिथेही तीच पहिली. गझालानं ती ज्या फोल्डरात राहते ते उघडलं. आत एक साधी मजकुराची फाइल होती, दिवसागणिक फुगत गेलेली. तिनं ती उघडली आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. म्हणाली की भाव दाखवणं हा ह्याचा जोडधंदा. मुख्य धंदा म्हणजे तुम्ही कीबोर्डवर जे जे बडवता ते सगळं टिपून घ्यायचं आणि इंटरनेट मिळालं की मालकाला पोचवायचं. बँकेचं पान उघडलं की हा जास्तच जागा होतो.

आम्ही पुढे सरकलो. फाइलीत बँकेचा पत्ता होता, आणि त्याच्याखाली एकाच ओळीत, मध्ये जागासुद्धा न सोडता, आमचा पासवर्ड. ज्याच्यासाठी दोघींनी महिनोन्‌महिने भिंती पाहिल्या तो. पहिला तुकडा sikandar. तो रशीदाचा बोकड. दुसरा तुकडा zunka.

"झुणका," गझाला म्हणाली. "काकू, तुमी शाळेत शिकवत व्हत्या ना?"

दोन किल्ल्या, दोन अधिकारी, आणि चोरानं कीबोर्डच्या खालीच बसकण मारलेली. तिथं डावी किल्ली काय नि उजवी काय. ह्यांना ते कळायला वेळ लागला नाही. बुद्धीला ते कमी नाहीत, फक्त तिची दिशा कोषागाराकडे असते. पट्टी कोणी घातली हे कोणी विचारलं नाही. ह्यांनी स्वतःच सांगितलं, खालच्या आवाजात, की भाव तर एकदाही चुकला नाही.

"भाव खरा देल्ला म्हणून तं तुमी घरात घेतला, काका," गझाला म्हणाली. "खोटा देल्ला असता तं पह्यल्याच दिवशी हाकलला असता."

पण तिचं लक्ष पुढेच धावत होतं. तिनं सांगितलं की रिचार्ज ही फक्त चाचपणी. चोर आधी किल्ली लागते का ते बघतो, मग गाडी घेऊन येतो. तिच्या दुकानातल्या माणसाला तिनं फोन लावून बँकेचं पान तिथल्या स्वच्छ कॉम्प्युटरवर उघडायला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी, एकमेकींच्या देखत, एकाच फोनमध्ये सिकंदर आणि झुणका ओरडून सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, पैसे आहेत. मग तो म्हणाला, पण पैसे पाठवायच्या माणसांच्या यादीत एक नाव नवीन टाकलेलं दिसतं. ते नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. नवीन नाव टाकलं की एक दिवस थांबावं लागतं, तो दिवस आज संध्याकाळी पुरा होत होता.

रशीदाच्या पाटल्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. त्या मी तिच्या हातात पंचवीस वर्षं पाहिल्या होत्या. गझालानं मात्र घाबरायला कोणाला सवडच दिली नाही. घरच्या फोनवरून बँकेला लावलं, माझ्या हातात रिसीव्हर दिला आणि इंटरनेटवरचा सगळा व्यवहार ताबडतोब बंद करा असं मला बोलायला लावलं. माझ्यातली मास्तरीण अशा वेळी कामाला येते. बँकेतल्या मुलानं पलीकडून होय बाई म्हटलं आणि खात्याचा इंटरनेटवरचा दरवाजा बंद केला. ते अनोळखी नाव दाराबाहेर राहिलं.

आता सगळ्यांनी श्वास घ्यायला हरकत नव्हती. गझालाही जरा सैलावली आणि चोरानं आणखी काय काय नेलं ते बघू म्हणून फाइल खाली सरकवत गेली. आणि तिथं सोमवारची संध्याकाळ आली. माझी ईमेल. मी चूक करून खोडलेली अक्षरंसुद्धा त्या मेल्यानं टिपून ठेवली होती. गझालानं वाचलं आणि तिचा हात थांबला. तिनं फाइल बंद करायला माउस हलवला, पण रशीदानं तिचा हात धरला.

रशीदा दहावी शिकलेली. इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचते. तिनं बोट ठेवून वाचलं. "रशीदा... ने... काचेत... पाहिलं असेल." मग पुन्हा एकदा मनात वाचलं. मग वळून शोकेसकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं आपण पोरांना वाक्यात उपयोग करायला देतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

"काच तं मले दिसलीच नाई," रशीदा म्हणाली. "माह्ये तं डोये बंद राह्यत." मग म्हणाली, "तू टाइप करताना बोलते, रत्ना. ओठ हालतात, आवाज निंगते. पोरायले श्रुतलेखन घालते तशी. पह्यल्याच दिवशी मले 'झु' आयकू आला."

माझे ओठ आपोआप मिटले.

"तवापासून मी गाणं म्हणतो," ती म्हणाली. "आयकू येऊ नाई म्हणून. तू मले गप बस म्हणे, तं मी अजून जोरात म्हणो."

त्या बेसूर गाण्याला मी किती नावं ठेवली होती. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. माझं चुकलं रशीदा, असं म्हटलं, आणि ह्यांच्यादेखत तिचे हात धरले. सोमवारी तू पाहिलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं, हेही म्हटलं. ती काही लगेच विरघळली नाही. पण साय धरलेला चहा उचलला, एका घोटात संपवला आणि गार आहे म्हणून दुसरा मागितला. मी उठले. चहा टाकताना मला बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज ऐकू आला, ती गझालाला विचारत होती की बाई तीस वर्षं मास्तरीण, अन् झुणका? गझाला म्हणाली, खाला, तुवा तं बोकड ठेवला.

पुढचे दोन दिवस गझालाचा आणि त्या पट्टीचा सामना चालला. तिनं प्रोग्राम काढून टाकला, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, तर पट्टी परत हजर. पुन्हा काढला, पुन्हा हजर. रशीदा म्हणाली, हे तं गाजरगवतासारखं हाये, वरून खुडून उपयोग नाई. गझाला शोधत गेली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या गर्दीत ह्यानं आपलं एक पिल्लू लपवून ठेवलेलं. नाव सरकारी वाटावं असं, पण तारीख सीडी घातली त्या दिवसाची. मोठं उपटलं की पिल्लू त्याला पुन्हा लावून देई. तिनं दोन्ही काढली आणि आपल्या सीडीवरच्या अँटिव्हायरसनं सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

आता संपलं ना, असं ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, काका, जो एकदा इतका लपला तो आणखी कुठं लपला नसंल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि तुम्ही ह्यावरून बँक उघडणार. मग तिनं आभाचे फोटो आणि माझी पत्रं तेवढी वेगळी काढून, तपासून घेतली आणि सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. पडदा कोरा झाला. हे शेवटपर्यंत त्या खालच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते.

शुक्रवारी आम्ही दोघी बँकेत गेलो आणि देवीलालच्या नावाचा ड्राफ्ट काढला. दोघींच्या सह्या लागल्या, शेजारी शेजारी, एकमेकींच्या देखत. हेच डबल लॉक आधी करता आलं नसतं का, असं रशीदानं रिक्षात विचारलं. मी म्हटलं, भाऊजींना विचार. शनिवारी मशीन आमचं झालं. लोहाऱ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये रहेमानभाईंनी डाव्या हातानं बटण दाबलं, आणि रुई उडायला लागली तशी ते इतके हसले की त्यांच्या मिशांवर रुई बसली तरी पुसेनात.

मला शिक्षा झालीच. पहिल्या गादीचे कोपरे रशीदानं माझ्याकडे दिले. गादीचा कोपरा शिवणं म्हणजे बोटांची चाळण. तीन वेळा तिनं परत दिला, तीन वेळा मी उसवला, आणि चौथ्या वेळी तो ठेवून घेत म्हणाली की श्रुतलेखनात तू याच्यापेक्षा जास्त मार्क देत नव्हती.

ह्यांची शिक्षा ह्यांनी स्वतःच ठरवून घेतली. ज्यांना ज्यांना सीडी दिली त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन, ही पट्टी माझ्या हातून तुमच्याकडे आली, आता वायर उपटा आणि गझालाला बोलवा, असं सांगत फिरले. पुसदच्या सहकाऱ्यालाही फोन केला. त्या बिचाऱ्याला ती आणखी कोणीतरी दिलेली, तोही भाव ताडून पाहूनच खूश झालेला. न्हाव्यानं ह्यांना बसवून फुकट दाढी करून दिली. डॉक्टर म्हणाले, वायर उपटतो, पण आज भाव काय? ह्यांना सांगता आला नाही, तेव्हा दोघांनी मिळून सुस्कारा टाकला. गझालाच्या दुकानात पंधरा दिवस रांग होती. आल्यागेल्याला ती विचारायची, तुम्ही पण भाववाले का?

मग बँकेनं नवीन पासवर्ड घालायला कळवलं. गझाला आमच्याकडे आली, सगळं पुन्हा एकदा तपासून पाहिलं आणि बजावलं की नाव, बोकड आणि खायचा पदार्थ चालणार नाही. मग ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. रशीदानं खुर्चीवर बसून आपला तुकडा घालायला बोट उचललं. मी सवयीनं कॅलेंडरकडे वळले, तर तिनं पदर धरून मला मागे ओढलं आणि पडद्याकडे नाही, आपल्या बोटाकडे बघायला लावलं. मी पाहिलं.

मग माझी पाळी आली. मी खुर्चीवर बसले, बोट उचललं, आणि मागून ती चाल सुरू झाली. तीच. तशीच बेसूर.

"आज गाणं नको," मी म्हटलं. "आयक."

ती गप्प झाली. मग वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अक्षर म्हणत मी माझा तुकडा टाइप केला. स्वयंपाकघरातून गझाला काहीतरी ओरडली. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.